बाटली वाढली

"बाटल्याच भरायच्या," कुमुदवहिनी म्हणाल्या. "ते तुमचं केगबिग मला नको."

"वहिनी, जरा ऐका माझं. केगच्या पिंपात ओतली, सिलिंडरचा गॅस सोडला, की चार दिवसांत बिअर तयार. बाटल्या म्हणजे नुसता उपद्व्याप. रद्दीवाल्याकडून आणा, धुवा, उकळा, साखर घाला, बुचं मारा आणि वर तीन-तीन आठवडे वाट बघत बसा."

"वाट बघायला मला काही त्रास नाही."

मागच्या खोलीत आम्ही तिघं उभे होतो. वहिनी, त्यांची मुलगी गौतमी आणि मी. मध्ये स्टुलावर पिण्याच्या पाण्याचा असतो तसला मोठा जार, आणि त्यात पद्याची शेवटची बिअर. जारच्या बुचात एक वाकडी नळी खोचलेली होती. आंबताना जो वायू तयार होतो तो त्या नळीतल्या पाण्यातून बाहेर पडायचा. गुबूक. मग थोडं थांबून पुन्हा गुबूक. खरं म्हणजे हा आवाज केव्हाच बंद व्हायला हवा होता. बिअर लावणारा माणूस गेला, त्याचं तेरावंही झालं, आणि जार आपला चालूच. थंडी आहे, यीस्ट सुस्तावलं असेल, असं मी म्हणालो. देवळालीची पौषातली थंडी आहे ती, माणूस सुस्तावतो तिथे यीस्टचं काय.

पद्या म्हणजे पद्माकर चांदवडकर, माझा शाळेपासूनचा मित्र. दोघं नोकरीतून सुटलो तेव्हा लोक सकाळी चालायला जायला लागले, आम्ही बिअर करायला लागलो. जव भिजवून त्याला मोड आणायचे, ते वाळवून भाजायचे, दळायचे, मोठ्या पातेल्यात शिजवायचे. मटकीला मोड आणायचं फडकं जवाला वापरलं म्हणून वहिनींनी आम्हाला पहिल्यांदा फैलावर घेतलं होतं, नंतर त्याच मोड आणून द्यायला लागल्या. परवान्याचं विचारू नका, आम्ही विकत नव्हतो.

आमचं भांडण एकच होतं. मी केगवाला, तो बाटलीवाला. मी कोल्ड्रिंकवाल्यांच्या भंगारातून एक उभा स्टीलचा केग मिळवला होता, त्याला नळ बसवला होता, लखलखीत घासून ठेवला होता. पद्यानं त्याला कधी हात लावला नाही. "शिऱ्या, लेका, केग म्हणजे पंगत," तो म्हणायचा. "बसली तशी उठली. बाटलीत बिअर जिवंत राहते. बूच मारलं तरी आत वाढत असते ती." मग बूच मारायचं दोन दांड्यांचं यंत्र घेऊन बसायचा. त्याचा उजवा खांदा धरलेला होता, दोन्ही हातांचा जोर सारखा पडायचा नाही. त्यामुळे त्याच्या प्रत्येक बुचाला डाव्या बाजूला एक खळी पडायची. मी त्याला चिडवायचो, "बुचाला पण गालावर खळी, वा!" तो म्हणायचा, "सही आहे ती माझी."

"आई," गौतमी म्हणाली, "तू मला शब्द दिला होतास. तेरावं झालं की बडोद्याला यायचं."

"येते ना. नाही कुठे म्हणतेय? ह्यांची बिअर संपली की येते. अशी अर्धवट टाकून कशी येऊ?"

गौतमीनं मला खुणेनं बाहेरच्या ओट्यावर बोलावलं. थंडीत तिचं नाक लाल झालं होतं, की रडून झालं होतं कोण जाणे.

"काका, केगमध्येच भरा. दोन संध्याकाळी चार लोक बोलवा आणि संपवून टाका. मला रजा नाही. हिला इथे एकटी सोडून जाऊ कशी? ही बोलते हो."

"कुणाशी?"

"मला काय माहीत! स्वयंपाकघरात एकटी असते आणि बोलत असते. मी गेले की गप्प होते."

मी पुन्हा आत गेलो, पुन्हा सांगून पाहिलं. वहिनी पदराला हात पुसत म्हणाल्या, "दवाखान्यात नेताना ते काय म्हणाले, ऐकलंत ना तुम्ही? गाडीत बसताना म्हणाले, येतो गं. मी म्हटलं, या."

"वहिनी, सगळेच येतो म्हणतात. जातो कोण म्हणतं?"

"तेच म्हणतेय मी," त्या म्हणाल्या, आणि बाटल्या धुवायला बसल्या.

गौतमी होळीनंतर येते म्हणून बडोद्याला गेली. मी आणि वहिनींनी बाटल्या भरल्या. मी नळीनं बिअर सोडत होतो, बुचं मारत होतो, आणि साखर त्या घालत होत्या. बाटलीत थोडी साखर घातली की यीस्ट ती खातं आणि फेस धरतो. थोडी म्हणजे अगदी थोडी. मी सांगितलं, सपाट अर्धा चमचा, त्याच्या वर कण नको. मान हलवली त्यांनी. पुढच्या बाटलीकडे बघतो तर चमच्यावर डोंगर.

"वहिनी! अहो, बाटल्या फुटतील!"

"वाढताना हात आखडता घेऊ नये, भाऊजी."

"हे वाढणं नाही, हे रसायनशास्त्र आहे!"

"माझ्या घरात सगळं वाढणंच असतं," त्या म्हणाल्या आणि बऱ्याच दिवसांनी हसल्या. त्या हसल्या म्हणून मी पुढे बोललो नाही. दोन क्रेट भरले. क्रेटच्या प्रत्येक खणात एक बाटली, एकही खण रिकामा नाही. जार मी धुऊन पालथा घातला, त्याचं बूच आणि नळी पुसून खिडकीत ठेवली.

पहिली बाटली फुटली तेव्हा लष्कराच्या तोफांचा सराव चालू होता. देवळालीत राहणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, लांबून धडाड होतं, तावदानं थरथरतात, आपण चहा पीत राहतो. मी आणि वहिनी चहाच पीत होतो. एक आवाज मात्र घरातून आला.

मागच्या खोलीत जाऊन बघतो तर क्रेटमध्ये एका खणात काचा, जमिनीवर फेस, आणि सगळीकडे आंबूस गोड वास.

"फुटली ना!" मी म्हणालो. "सांगत होतो मी."

वहिनी दारातच थबकल्या. माझ्यावर एवढ्या कधी चिडल्या नव्हत्या.

"फुटली काय म्हणता घरात? वाढली म्हणा. वास्तू तथास्तु म्हणत असते."

"अहो, बांगडी वाढली म्हणतात. नारळ वाढवतात. बिअरच्या बाटलीला कुणी वाढली म्हणतं का?"

"माझ्या घरात काही फुटत नाही," त्या म्हणाल्या. मग खोलीकडे तोंड करून, देवाला सांगावं तसं स्पष्ट म्हणाल्या, "बाटली वाढली."

मी काचा भरल्या, फरशी पुसली, खण फडक्यानं कोरडा केला. बोटाला एक काच लागली, त्याचा व्रण अजून आहे. हे सांगतोय कारण नंतर मला वाटायला लागलं होतं की मी हे सगळं स्वप्नात केलं असेल.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर तो खण भरलेला होता.

मी म्हटलं, वहिनींनी दुसरीकडची एखादी जुनी बाटली ठेवली असेल. विचारलंही नाही. आणखी काही दिवसांनी दुसरी फुटली. वहिनी म्हणाल्या, वाढली. मीच काचा काढल्या. देव्हाऱ्यात दिवा लावेपर्यंत मी तिथेच गप्पा मारत बसलो होतो, वहिनी माझ्या डोळ्यांसमोरून हलल्या नाहीत. जाताना सहज मागच्या खोलीत डोकावलो. खणात बाटली उभी.

मी ती उचलली. पौषातल्या थंडीत बाकीच्या बाटल्या बर्फासारख्या गार होत्या, ही कोमट. कुणीतरी बराच वेळ हातात धरून आत्ताच खाली ठेवली असावी तशी. मी बुचावरून अंगठा फिरवला.

डाव्या बाजूला खळी होती.

मी बाटली जागेवर ठेवली, चपला घातल्या आणि जो निघालो तो लॅम रोडवरच्या माझ्या घरी येऊन सगळे दिवे लावून बसलो. मी भित्रा माणूस नाही. पण त्या दिवशी भ्यालो, सरळ सांगतो.

लग्नाच्या भानगडीत मी पडलो नाही. त्यामुळे भ्यालो तरी सांगायचं कुणाला? पद्यालाच सांगितलं असतं. तो नव्हता. आणि असला तर, हा विचार त्याहून वाईट होता.

तरी जाणं चुकवता येईना, कारण वहिनी वाळत चालल्या होत्या. रोज दिवेलागणीला त्या एक बाटली उघडायच्या, दोन ग्लास भरायच्या. आयुष्यात ज्या बाईनं पद्याच्या ग्लासातला एक घोट चाखून "शी, कडू!" म्हणून तोंड वाकडं केलं, ती आता रोज ग्लास संपवत होती. जेवण विचारलं तर, भूक नाही. गालफडं बसली, चोळी खांद्यावरून उतरायला लागली. आणि तोंडावर मात्र नव्या नवरीसारखा आनंद. मला त्या वाळण्यापेक्षा त्या आनंदाचीच जास्त काळजी वाटायची.

गौतमीचा फोन यायचा. "काका, आई म्हणते अजून संपली नाही. किती केली होती बाबांनी?"

काय सांगणार? दोन क्रेट. रोज एक उघडत होती बाई, मधेच एखाद-दुसरी फुटत होती. एव्हाना क्रेट रिकामे व्हायला हवे होते. पण एक फुटली की एकीच्या जागी कधी दोन यायच्या. पिऊन रिकामे झालेले खणसुद्धा भरायला लागले होते. मोजायचं मी बंद केलं.

मग मी एक प्रयोग केला. दुपारी वहिनी पडल्या होत्या. मी एक बाटली उचलली, मागच्या अंगणात नेली, आणि धुण्याच्या दगडावर आपटली. मोठ्यानं म्हणालो, "फुटली!" आणि त्या खणाकडे बघत स्टुलावर बसून राहिलो. वहिनी उठेपर्यंत खण रिकामाच होता. मला केवढा धीर आला म्हणून सांगू!

वहिनी उठून आल्या. त्यांची नजर थेट त्या खणावर.

"इथली काय झाली?"

"फुटली," मी म्हणालो. "बाहेर नेऊन मी फोडली."

"वाढली म्हणावं, भाऊजी," त्या शांतपणे म्हणाल्या. "वाढली."

मी पाठ फिरवली नव्हती. पापणी लवली असेल तेवढीच. खणात बाटली होती. खळीसकट.

तेव्हा मला कळलं की माझ्या फुटलीला त्या घरात काडीची किंमत नाही. घर मालकिणीचं ऐकत होतं.

होळीच्या आधी एकदा मी तिन्हीसांजेला गेलो. अंगणातूनच स्वयंपाकघराची खिडकी दिसते. वहिनी टेबलापाशी बसल्या होत्या, समोर दोन ग्लास. त्या हळू आवाजात बोलत होत्या. मी उभा राहिलो. त्यांचा कुठल्याच ग्लासाला हात नव्हता. दुसऱ्या ग्लासातला फेस खाली जात होता. फेस बसतो तसा नाही, खालची बिअरही उतरत होती.

मी दार ढकलून आत गेलो. वहिनींनी वळून पाहिलं. चेहऱ्यावरचा तो नवरीचा आनंद कुठच्या कुठे गेला होता. एक थकलेली, घाबरलेली म्हातारी बाई माझ्याकडे बघत होती.

"बरं झालं आलात," त्या म्हणाल्या. "बसा. त्या खुर्चीवर नको."

ती खुर्ची टेबलाच्या पलीकडे, समोर असायची. आज ती वहिनींच्या खुर्चीला चिकटून होती. मी ओट्याला टेकून उभा राहिलो.

"वहिनी, त्या बाटल्या..."

"मी काय आंधळी आहे का, भाऊजी? मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. मीच एकेक मागच्या पायरीवर उन्हात ठेवते. चांगली तापली की आत आणून ठेवते, मग ती फुटते. मग मी म्हणते."

बाटली फुटते असं त्यांनी कबूल केलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

"का, वहिनी?"

"का म्हणजे? येतो म्हणाले होते ना. बिअर संपली असती तर कशाला आले असते?" त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला. "आधी नुसती चाहूल लागायची. मग खुर्ची वाजायला लागली. मग ग्लास रिकामा व्हायला लागला. मला इतकं बरं वाटायचं हो. आता बोलतात."

"काय बोलतो?"

"एकच. येतेस का, म्हणतात."

बाहेर अंधार पडायला लागला होता. मी पुढे होऊन दिवा लावला. त्या पिवळ्या उजेडात ती शेजारची खुर्ची जास्तच रिकामी दिसायला लागली.

"परवा मी येते म्हणणारच होते," वहिनी म्हणाल्या. "आणखी काय हवं होतं मला? तोंडातून ये एवढं बाहेर पडलं आणि गौतमीचा फोन वाजला. तेवढ्यावरच राहिलं. पण तेवढ्यानं सुद्धा बघा, खुर्ची इकडे आली. मी सरकवली नाही. रोज पलीकडे नेऊन ठेवते, दिवे लागले की इथे असते."

"वहिनी, पद्या तुमचं वाईट करील का?"

त्यांनी समोरचा ग्लास दूर सारला.

"आवाज ह्यांचाच आहे," त्या म्हणाल्या. "पण भाऊजी, एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला येतेस का असं कधी विचारलंय? चल म्हणायचे, आणि चपला घालून पुढे चालायला लागायचे. मी मागून कुलूप लावत, धावत. तुम्ही पाहिलंय ना?"

पाहिलं होतं. हजारदा पाहिलं होतं.

"हे जे विचारतंय ना, ते होकाराची वाट बघतं," त्या म्हणाल्या. "ह्यांना कुणाच्या होकाराची कधी गरज पडली नाही." आणि मग ती बाई, जी केगचं नाव काढलं की नाक मुरडायची, ती म्हणाली, "उद्या तुमचा केग घेऊन या. मला गौतमीकडे जायचंय."

त्या रात्री मी वहिनींना माझ्या घरी आणलं. त्यांनी दोन वाट्या वरणभात खाल्ला आणि झोपल्या. गौतमीला फोन केला, ती मिळेल त्या गाडीनं निघाली आणि उजाडताना दारात हजर झाली.

दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात आम्ही केग अंगणात ठेवला, जास्वंदीपाशी. घराच्या आत मला तो न्यायचा नव्हता. बाटल्यांतली बिअर पुन्हा केगमध्ये ओतायची म्हणजे तिची माती करणं. हवा लागते, चव जाते. शहाणा माणूस असं करत नाही. पण चवीचं कुणाला पडलं होतं! गौतमी क्रेट बाहेर आणत होती, मी बुचं काढत होतो, वहिनी ओतत होत्या. आमची बुचं काढली की फस्स व्हायचं, फेस हातावर यायचा. खळीवाल्यांचं तसं नाही. बूच निघालं की आतून नुसता एक हलका उसासा. गौतमीनं दोनदा मागे वळून पाहिलं.

"काका, कोणी काही म्हणालं का?"

"तुझं काम कर," मी म्हणालो.

केग भरला. वहिनींनी पहिला ग्लास स्वतः भरला, उभ्यानंच दोन घोट घेतले.

"केगची बरी लागते की हो," त्या म्हणाल्या. "ह्यांना उगाचच राग."

आम्ही तिघांनी एकेक ग्लास घेतला. गौतमी रडत रडत प्यायली, आणि तिच्या बापाच्या बिअरला नावं ठेवली, कडू झालीय म्हणून. बाकीची नळ सोडून जास्वंदीच्या आळ्यात घातली. मातीनं ती हावरटासारखी ओढून घेतली. शेवटी नळातून नुसता फेस आला, मग फुरफुर, मग वारा.

"आता, वहिनी," मी म्हणालो. "तुम्हालाच म्हणावं लागेल. आत जाऊन."

"नुसतं म्हणायचंय ना," त्या म्हणाल्या, पण पायरीशी थांबल्या. गौतमीनं हात धरला, तो त्यांनी सोडवला आणि एकट्या आत गेल्या. मी दारापर्यंत गेलो. मागची खोली मला दिसत होती. क्रेट बाहेर काढल्यावर तिथे काहीच नव्हतं, पालथा जार आणि खिडकीतली ती वाकडी नळी, कोरडी ठणठणीत.

वहिनी खोलीच्या मध्ये उभ्या राहिल्या. ह्या घरात त्यांनी कधी तांदूळ संपले म्हटलं नव्हतं, मीठ संपलं म्हटलं नव्हतं. डबा रिकामा झाला तरी, भरायचाय, एवढंच म्हणायच्या.

"संपली," त्या म्हणाल्या.

मग म्हणाल्या, "ते गेले."

खिडकीतल्या नळीत पाणी नव्हतं. जार उपडा होता. तरी आवाज आला. गुबूक. एकदाच, आणि मग घर गप्प झालं. वहिनी डोळे पुसत बाहेर आल्या. त्यांनी बॅग उचलली.

फाटकाशी रिक्षा उभी होती. वहिनी फाटकाबाहेर पडल्या, वळल्या, आणि घराकडे बघून हात जोडले. "जाते," त्या म्हणाल्या.

"आई!" गौतमी दचकली. "जाते काय म्हणतेस? येते म्हणावं."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "जाते मी."

माझ्या उभ्या आयुष्यात मी एखाद्या बाईला स्वतःच्या घराला असं म्हणताना ऐकलं नव्हतं. दाराला कुलूप घालायचं काम माझ्याकडे होतं. मी कडी लावली, कुलूप अडकवलं, किल्ली फिरवली. हे दार मी चाळीस वर्षं रोज संध्याकाळी ओढून घेत आलो होतो. पद्या आत खुर्चीत, मी बाहेर पायरीवर. सवयीनंच, काही मनात नसताना, तोंडातून निघून गेलं.

"येतो रे, पद्या."

रिक्षात बसलेल्या वहिनींनी ते ऐकलं. त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "काय म्हणालात?"

"काही नाही," मी म्हणालो. "चला, गाडी चुकेल."

वहिनी आता बडोद्याला आहेत. अंगानं भरल्यात, नातीला ओरडतात, दर उन्हाळ्यात मला लिंबाचं लोणचं पाठवतात. फोनवर शेवटी एकच विचारतात, "भाऊजी, बरं आहे ना? कुणी काही विचारत नाही ना?" मी म्हणतो, मला कोण विचारतंय!

ते घर विकलं, पाडलं. तिथे आता तीन मजली इमारत आहे, खाली औषधाचं दुकान. तथास्तु म्हणायला वास्तूच राहिली नाही, असं मी मनाला समजावत आलो. बिअर मी अजून करतो, पण केगमध्येच. बाटली ह्या घरात येत नाही, रद्दीवाल्याला माहीत आहे.

परवा दिवेलागणीला स्वयंपाकघरात गेलो तर ओट्यावर एक बाटली होती. मी उचलून पाहिली. डाव्या बाजूला खळी, आणि बाटली कोमट.

भीती वाटली का? वाटली. पण खरं सांगू, त्या खळीवरून अंगठा फिरवताना डोळे भरून आले. इतकी वर्षं झाली, कुणी शिऱ्या म्हणून हाक मारलेली नाही. आता मी वाट बघतोय ती एवढ्याचसाठी, की आतून नुसतं चल येतंय, की येतोस का. चल आलं तर तो पद्या.

बाटली फ्रीजमध्ये ठेवली आहे. कोमट बिअर त्याला आवडायची नाही.